राक्षसांच्या ड्यूट्या

लग्नाला बारा वर्षं झाली तरी सासूबाईंशी काय बोलावं ते चश्मेवाल्याला कळत नसे. "या", "बसा", "चहा घेणार?" आणि "गाडी किती वाजता आहे?" अशी चार वाक्यं त्याच्यापाशी होती. ती संपली की तो नाकावरचा चश्मा काढून पुसायला लागायचा. सासूबाईही काही बोलघेवड्या नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलचं स्वयंपाकघर चालवलं होतं. दोनशे ऐंशी खाटा, रोज तीन वेळा, त्यात कुणाला पातळ जेवण, कुणाला मऊ, कुणाला बिनमिठाचं. तिथे बोलायचं म्हणजे हुकूम सोडायचा. जावयाला हुकूम सोडता येत नाही, म्हणून त्या गप्प बसत. तसं दोघांचं छान चाललं होतं म्हणायला हरकत नाही, कारण बिनसायलासुद्धा आधी काहीतरी बोलावं लागतं.

मग सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या सहा आठवड्यांसाठी लेकीकडे आल्या. घर दुकानाच्या माडीवर, वर जायला अठरा पायऱ्या. तेव्हा त्यांची खाट दुकानाच्या मागच्या खोलीत टाकली गेली. बायको नऊला टपाल खात्यात जायची ती साडेपाचला यायची. म्हणजे दिवसभर पुढे चश्मेवाला, मागे सासूबाई, आणि मध्ये एक निळा पडदा.

अडचण अशी होती की ती मागची खोली नुसती मागची खोली नव्हती. तिथे एका कोपऱ्यात काचा घासायचं मशीन होतं, आणि मधोमध एक मोठं गोल टेबल होतं. त्या टेबलाभोवती गेली तीन वर्षं दर रविवारी दुपारी चौघांचा खेळ रंगायचा. चश्मेवाला खेळवणारा आणि बाकीचे तिघे खेळणारे: दातांचे डॉक्टर, भूगोलाच्या बाई आणि कुलूपवाला. प्रत्येकाने एकेक वीर घेतलेला. चश्मेवाला सांगणार, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी आलात, आतून कुबट वास येतोय," आणि तिघांनी ठरवायचं, की आत जायचं, पळायचं, का तलवार उपसायची. जमतं की फसतं ते फाशांनी ठरवायचं. गुहेतले राक्षस, चोर, राजे, म्हातारे, झाडंझुडपं, सगळी चश्मेवाल्याच्या तोंडून बोलायची. सासूबाईंपुढे चार वाक्यांत आटपणारा माणूस त्या टेबलाशी चार-चार तास बोलायचा.

पण मागच्या रविवारी भूगोलाच्या बाईंनी त्याला धरलं होतं.

"रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण तुमचे राक्षस सगळे एका माळेचे मणी. मघाशी मी मुद्दाम डोळे मिटून ऐकत होते. आपल्याला कोण बडवतंय ते शेवटपर्यंत कळलं नाही मला."

"मला तर उघड्या डोळ्यांनीही कळलं नाही," कुलूपवाला म्हणाला.

डॉक्टरांना मात्र काही तक्रार नव्हती. त्यांच्या वीराचं नाव रणधुरंधर होतं, त्याच्याकडे पेटती तलवार होती, आणि समोर कोण आहे याच्याशी रणधुरंधरला कधीच कर्तव्य नसे. पण बाईंचं बोलणं चश्मेवाल्याच्या जिव्हारी लागलं. त्याने नवी वही आणली. पुढच्या किल्ल्यात राक्षसांच्या चार जाती होत्या, प्रत्येकीला एकेक पान दिलं, आणि तीन दिवस डोकं खाजवून लिहिलं:

ठेंगू: बुटके, संख्येने पुष्कळ, अंधारात दिसतं, दुष्ट. दिसेल त्याच्या अंगावर धावून जातात.

सुळेवाले: धिप्पाड, रागीट, दुष्ट. दिसेल त्याच्या अंगावर धावून जातात.

खडकासुर: फारच धिप्पाड, जखमा आपोआप भरतात, फक्त आगीच्या जखमा भरत नाहीत. दुष्ट. दिसेल त्याच्या अंगावर सावकाश धावून जातात.

पालमाणसं: भिंतीवर चढतात, पावलांचा आवाज होत नाही, थंडीत सुस्तावतात, दुष्ट. पुढचं त्याने लिहायचं सोडून दिलं होतं.

मंगळवारी दुपारी तो एका आजोबांचे डोळे तपासत होता. तेवढ्यात पडद्यामागून हाक आली, "जावईबापू!"

सासूबाई पडल्या, असंच त्याला वाटलं. आजोबांच्या नाकावर तपासणीची फ्रेम तशीच ठेवून तो धावत आत गेला. सासूबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात वही होती.

"टेबलावर उघडी होती म्हणून वाचली," त्या म्हणाल्या. "एक विचारू?"

"विचारा ना."

"यांच्यात भांडी कोण घासतं?"

चश्मेवाल्याने चश्मा काढला. "आई, हे राक्षस आहेत."

"ते वाचलं मी. जेवतात ना?"

"जेवतात. म्हणजे जेवत असतील."

"किती जण आहेत किल्ल्यात?"

"दीडशेच्या आसपास."

"दीडशे जणांचं दोन वेळचं जेवण, आणि भांडी कोण घासतं ते ठरलेलं नाही," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. एखाद्या घरात कोणी गेल्याची बातमी ऐकावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. "पाणी कोण भरतं? दाराशी कोण? तो दमला की त्याच्या जागी कोण? इथे सगळ्यांच्या पुढे ‘दुष्ट’ लिहिलंय. अहो, दुष्ट हे काही काम नाही. माझ्याकडेही चार-पाच दुष्ट होते. पण सकाळी साडेसहाला आले की त्यांना कांदे चिरायला असायचे."

"कुठला किल्ला?" पडद्यापलीकडून आजोबांनी विचारलं.

आजोबांना वाटेला लावून चश्मेवाला परत आला आणि खाटेशेजारी स्टुलावर बसला. सासूबाईंनी पेन्सिल आणि पट्टी मागून घेतली होती. कोऱ्या पानावर त्या उभ्या-आडव्या रेघा मारत होत्या.

"या खडकासुराचं काय म्हणालात? जखमा भरतात?"

"आपोआप. कितीही मारा."

"मग हा दाराशी. माझ्याकडे एक होता, त्याला हाताला भाजलेलं कळायचंच नाही. त्याला मी मोठ्या शेगडीवर ठेवला, बावीस वर्षं. ज्याला जे लागत नाही ते त्याच्यापुढे ठेवावं. आगीने मात्र याला होतं, नाही का? मग त्याच्या मागे बादल्या घेऊन सहा ठेंगू. आग दिसली की ओतायची. विचारत बसायचं नाही."

रणधुरंधरची पेटती तलवार चश्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे आली.

"आणि सुळेवाले? ते लढायला पुढे ना?"

"रागीट माणसाला कधी पुढे करू नये. तो वाढायला गेला की भांडण घेऊन येतो. त्याला उचलायला द्यायचं. पोती, पिंपं, ओंडके. घाम आला की राग जातो. दाराचा अडसर यांच्याकडे. पालमाणसांचा आवाज होत नाही म्हणता, तर ती निरोप नेतील. आमच्याकडे वॉर्डात गाड्या नेणाऱ्या बायका अशाच होत्या. पेशंट जागा व्हायच्या आत ताट उशाशी. थंडीत सुस्तावतात, म्हणून त्यांना सकाळची पाळी द्यायची नाही. आणि दोघं कायम चुलीजवळ बसवायचे, ऐन वेळी गरम असलेले."

"आणि मुख्य कोण?" चश्मेवाल्याने विचारलं. "खडकासुरच असेल ना, सगळ्यांत मोठा?"

सासूबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याला शाळा आठवली.

"मुख्य ठेंगू. बाई. जिला उंचावरचा डबा काढायला दुसऱ्याला सांगावं लागतं ना, तिला हुकूम सोडायची सवय असते."

साडेपाचला बायको आली तेव्हा आपली आई आणि आपला नवरा एकाच वहीवर डोकं घालून बसलेत, आणि आई म्हणतेय, "नाही नाही, साप्ताहिक सुट्टी सगळ्यांना एकाच दिवशी देऊन चालेल कसं?" हे तिने पाहिलं. ती आल्या पावली बाहेर गेली आणि दुकानाची पाटी आपलीच आहे ना ते पाहून आली.

रविवारी सासूबाई दुपारभर पुढच्या दुकानात आरामखुर्चीत बसायला तयार झाल्या. पडदा तेवढा त्यांनी अर्धा उघडा ठेवायला लावला.

तिघे वीर किल्ल्याशी आले. कुलूपवाल्याचा वीर अट्टल चोर होता. त्याने हात चोळले. "मी दाराचं कुलूप बघतो."

"दाराला कुलूप नाही," चश्मेवाला म्हणाला.

"म्हणजे उघडं आहे?"

"आतून अडसर आहे. अडसराला टेकून एक सुळेवाला बसलाय. त्याचं तेच काम आहे."

"कुलूप नाही?" कुलूपवाल्याला धक्काच बसला. "एवढा मोठा किल्ला आणि साधं कुलूप नाही? हे कुठलं शास्त्र?"

डॉक्टरांनी वाद घातला नाही. रणधुरंधरने शड्डू ठोकला आणि दारावर लाथ मारली. आतून अडसर सरकला आणि दार आपण होऊन उघडलं. दारात खडकासुर उभा. रणधुरंधरने पेटती तलवार उगारली, डॉक्टरांनी फासे टाकले, फासे उत्तम पडले, वार खांद्यावर बसला, जखम पेटली. आणि खडकासुराच्या दोन्ही बगलांमधून सहा बादल्या पाणी आलं.

"काय आलं?" डॉक्टर म्हणाले.

"पाणी. तलवार विझली."

"तलवार विझत नसते!"

"सहा बादल्यांनी विझते. तुमच्यामागे सुळेवाल्यांनी ओंडके लावून वाट बंद केलीय. बाई, तुमच्या चेटकिणीच्या डोक्यावर छतावरून जाळं पडतंय. कुणी टाकलं ते तुम्हाला दिसलं नाही, ऐकूही आलं नाही."

"पालमाणसं!" भूगोलाच्या बाई आनंदाने ओरडल्या. जाळ्यात अडकून इतकं खूश झालेलं माणूस चश्मेवाल्याने आजवर पाहिलं नव्हतं. "आज मी डोळे मिटले तरी मला कळेल कोण बडवतंय ते!"

चाळीस मिनिटांत तिन्ही वीर कैद झाले. तीन वर्षांत असं घडलं नव्हतं. बरं, राक्षसांनी त्यांना मारलंही नाही, की साखळदंड घालून तळघरात टाकलं नाही. एक बुटकी ठेंगूबाई आली. तिने तिघांना नखशिखांत न्याहाळलं आणि कांद्याच्या ढिगापुढे बसवलं. संध्याकाळच्या जेवणाला दोन माणसं कमी पडत होती आणि ही तीन आयती आली होती.

"रणधुरंधर कांदे चिरणार नाही," डॉक्टर म्हणाले. दिवसभर दुसऱ्यांना ‘आ’ करायला लावणारा माणूस, पण या वेळी त्यांचंच तोंड उघडं राहिलं होतं. "हा काय किल्ला आहे? हे तर हॉस्पिटल आहे! कोणी लिहिलं हे? तू नाही लिहिलंस. तुझ्या राक्षसांना इतकी अक्कल नसते."

चश्मेवाल्याने चश्मा पुसला आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

पडद्यापलीकडून आवाज आला, "बारीक चिरायला सांगा. जाड राहिला की कच्चा लागतो."

मग भूगोलाच्या बाई उठल्या, पडद्याशी गेल्या आणि म्हणाल्या, "काकू, पुढच्या रविवारी तुम्ही आत बसायचं."

तो आठवडा सगळ्यांना मोठा गेला. डॉक्टरांनी बुधवारी फोन करून सांगितलं की ते खेळ सोडताहेत. गुरुवारी फोन करून विचारलं की ठेंगूंची पाळी किती वाजता बदलते. चश्मेवाल्याने सांगितलं नाही. शुक्रवारी भूगोलाच्या बाई डोळे तपासायच्या निमित्ताने दुकानात आल्या आणि सासूबाईंशी तासभर गोड गप्पा मारून गेल्या. जाताना त्यांच्या पर्समध्ये किल्ल्यातल्या पाळ्यांचा तक्ता होता, हे नंतर कळलं.

त्याच दिवशी संध्याकाळी बायकोने जिन्याखाली नवऱ्याला गाठलं. "एक सांगू? आईला मी किती महिन्यांनी अशी बघतेय. रिटायर झाल्यापासून ती नुसती बसून असायची. तुला माहितीय, शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना स्वतःचा नंबर लिहून दिला होता. काही अडलं तर फोन करा म्हणून. दोन वर्षं झाली. एकदाही फोन आला नाही."

"कुणाचाच?"

"कुणाचाच. म्हणजे काही अडलंच नाही. ती हे बोलत नाही, पण पहिले सहा महिने फोन उशाशी घेऊन झोपायची."

रविवारी सासूबाई आत आल्या, वॉकर घेऊन, खटक-खटक करत. त्यांच्यासाठी हाताची खुर्ची आणि पायासाठी स्टूल ठेवलं होतं. मुख्य ठेंगूबाई आज त्याच खेळणार होत्या. बाकीचा किल्ला चश्मेवाल्याकडे. फासे कसे टाकायचे ते त्यांनी एकदाच विचारलं आणि पहिल्याच फेकीला इतके जोरात टाकले की कुलूपवाल्याने दचकून कप मागे घेतला.

खेळ सुरू झाला आणि लगेच कळलं की तिघे तयारीने आलेत. वीर निमूटपणे कांदे चिरत होते. रणधुरंधरचे कांदे तर इतके बारीक होते की सासूबाईंनी "शाबास" म्हटलं आणि डॉक्टर लाजले. किल्ल्यात दोन वाजले. सकाळची पाळी जाणार, दुपारची येणार. भूगोलाच्या बाईंनी तक्ता उघडला.

"या वेळी दाराशी कोणी नसतं," त्या म्हणाल्या. "जुना खडकासुर गेलेला असतो, नवा यायचा असतो. पाच मिनिटं. आणि सगळा हिशोब समजून घ्यायला मुख्य बाई एकट्या पाणवठ्याशी येतात. बरोबर ना, काकू?"

सासूबाईंचा चेहरा पडला. "बरोबर," त्या म्हणाल्या. "पाळी बदलताना भोक राहतंच. मीच सांगितलं वाटतं तुम्हाला."

"शुक्रवारी."

रणधुरंधरने पोतं टाकलं, चोराने तोंड बांधलं, चेटकिणीने धूर केला. फासे एकामागून एक उत्तम पडले. मुख्य ठेंगूबाई पोत्यात, पोतं खांद्यावर, आणि खांदा दाराबाहेर! डॉक्टर खुर्चीवरून उठून नाचायलाच लागले.

"झालं! संपला किल्ला! अरे, मुख्य बाई गेली की तिथे काय उरतंय? कोणाला काय करायचं ते कुठे माहितीय? आता बघा, एकेक जण डोक्याला हात लावून बसेल. ठेंगू बादल्या घेऊन पळत सुटतील. सुळेवाले एकमेकांना चावतील. सांग रे चश्मेवाल्या, सांग, किल्ल्यात काय होतंय!"

सांगायचा हक्क चश्मेवाल्याचा होता. पण जिन्याखालचं बोलणं त्याच्या कानात होतं. किल्ला कोसळला असं म्हटलं तर डॉक्टर खूश होणार आणि सासूबाईंचाही मान राहणार: बघा, त्यांच्यावाचून सगळं अडलं. नाही कोसळला म्हटलं तर? आयुष्यात प्रथमच सासूबाईंना काय वाटेल याची त्याला अगदी आतून भीती वाटली. नेहमी वाटायची तशी नाही. ही वेगळीच होती.

"आई," तो म्हणाला, "तुम्ही सांगा. किल्ला तुम्ही बसवलाय. आता तिथे काय होतं?"

सासूबाई बराच वेळ टेबलावरच्या त्या रेघा मारलेल्या पानाकडे बघत राहिल्या. डॉक्टर उभेच होते, एक हात वर राहिलेला. त्यांनी तो हळूच खाली घेतला आणि ते बसले.

"काही नाही होत," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही होत. दुपारचं जेवण वेळेवर लागतं." त्यांनी पानावर पेन्सिल टेकवली. "इथे भांड्यांवर एक ठेंगूबाई आहे. पंधरा वर्षं मुख्य बाईच्या मागे भांडी घासतेय आणि सगळं ऐकतेय. दोन वाजून पाच मिनिटांनी ती हात पुसते आणि विचारते, दुपारची पाळी आली का? आली. दाराशी कोण? हा. बादल्या भरलेल्या? भरलेल्या. मग लागा कामाला. बस्स. तक्ता भिंतीवर लावलेला असतो, वाचता येत नाही त्यांना तोंडपाठ असतो. मुख्य बाई गेली म्हणून किल्ला कोसळला, तर मुख्य बाईने तीस वर्षं केलं काय?"

तीस वर्षांचा उल्लेख वहीत कुठेच नव्हता. पण कोणी तसं म्हणालं नाही.

"आणि मुख्य बाई?" भूगोलाच्या बाईंनी अलगद विचारलं.

"ती पोत्यात आहे ना. तिला वाईट वाटतंय," सासूबाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी खुर्चीत पाठ सरळ केली. "पोतं सोडा की हो. किती वेळ कोंडून ठेवणार म्हातारीला?"

पोतं सोडलं, आणि पुढचा तासभर वीरांचे जे हाल झाले ते आजवर एकाही राक्षसाने केले नव्हते. मुख्य ठेंगूबाईने त्यांचा तळ पाहिला आणि कपाळाला हात लावला. चुलीच्या शेजारी अंथरुणं, पिण्याच्या पाण्यात मोजे, आणि पहाऱ्यावर कोणीच नाही. तिने चोराला पाणी आणायला पिटाळलं, चेटकिणीला लाकडं मोजायला बसवलं, आणि रणधुरंधरला पहाऱ्यावर उभं केलं, कारण त्याला काही लागत नाही असं तो स्वतःच सांगत असतो. संध्याकाळपर्यंत तीन वर्षांत प्रथमच वीरांना गरम जेवण आणि कोरडे मोजे मिळाले.

"हिला परत पाठवायचं नाही," कुलूपवाला म्हणाला. "मी साफ सांगतोय."

"पण किल्ल्यावरून मागणी येईल ना," डॉक्टर म्हणाले. "तिच्या बदल्यात आपल्याला खजिन्याची खोली मागता येईल. काय रे, येतो का निरोप?"

चश्मेवाल्याने पुन्हा सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"येतो की. अंधार पडल्यावर एक पालमाणूस भिंतीवरून उतरतो आणि भांड्यांवरच्या बाईचा निरोप सांगतो. मुख्य बाईंना परत पाठवा म्हणते." सासूबाईंनी चहाचा घोट घेतला. "पण घाई नाही म्हणते."

आधी भूगोलाच्या बाई हसल्या. मग सासूबाई स्वतःच हसायला लागल्या. कधीच न हसणारं माणूस हसतं तसं, आधी खांदे, मग पोट, मग डोळ्यांत पाणी. गुडघा दुखायला लागला तेव्हाच त्या थांबल्या. माडीवरून बायको धावत खाली आली. तिला वाटलं, आईला काहीतरी झालं.

सोमवारी सकाळी चश्मेवाला फ्रेमचा स्क्रू बसवत होता. सासूबाईंनी त्याला फोन लावून द्यायला सांगितलं. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराचा नंबर त्यांना पाठ होता. पलीकडे खूप आवाज होता, भांडी, गाड्या, कुणाची तरी हाक. त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेल्या बाईने फोन उचलला असावा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी बोलतेय." पुढचं चश्मेवाल्याला ऐकू आलं नाही. अर्ध्या मिनिटात फोन बंद झाला. त्याने भीत भीत पडदा सरकवला. सासूबाई फोन मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, बाई, अकराची वेळ आहे, आत्ता बोलता येत नाही, तीननंतर करते." त्यांनी मान वर केली. चेहरा नुसता उजळला होता. "माझा फोन, आणि मला म्हणते बोलता येत नाही! अकराला फोन घ्यायचा नाही हे मीच लावलं होतं तिला. वरच्या साहेबाचा असला तरी घ्यायचा नाही म्हणून. दोन वर्षं झाली, अजून मोडलं नाही तिने."

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन आला आणि सव्वाचारला संपला. त्यातला बराचसा वेळ सासूबाई कोणाला तरी पालमाणसांच्या पाळ्या समजावून सांगत होत्या.

सहा आठवडे संपले. सासूबाई काठी टेकत आपल्या गावी गेल्या. निघताना चश्मेवाला विचारायच्या आतच त्यांनी गाडीची वेळ सांगून टाकली. आता दर गुरुवारी दुकान जरा रिकामं झालं की फोन वाजतो. बायको म्हणते, माझ्याशी बोलते दोन मिनिटं, आणि त्यातलं एक मिनिट ‘जावईबापू कुठे आहेत’ विचारण्यात जातं.

परवा तिघे वीर डोंगरापलीकडच्या किल्ल्याकडे निघणार होते. तिथे एक नवी जात होती, कायम उलटी लटकणारी वटवाघळी माणसं. सासूबाई म्हणाल्या, त्यांना भांड्यांवर घ्या, हात मोकळे असतात.

"नाही आई," चश्मेवाला म्हणाला.

हे दोन शब्द बारा वर्षांत या क्रमाने कधी आले नव्हते.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे ती उलटी लटकतात. घासलेलं भांडं त्यांनी पालथं घातलं की आपल्याकडे ते सरळ. सगळं पाणी भांड्यातच राहील. मी त्यांना कोठारावर ठेवणार. छताला टांगलेल्या पिशव्यांतलं त्यांना बरोबर दिसेल, आणि उंदीर दिवसासुद्धा फिरकणार नाहीत."

"तुम्ही कधी कोठार सांभाळलंय?"

"नाही. पण तुम्हीही कधी वटवाघूळ सांभाळलेलं नाही."

फोन कट झाला. चश्मेवाल्याने चश्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. एक गिऱ्हाईक येऊन फ्रेम न घेताच गेलं. तेवढ्यात फोन वाजला.

"कोठार ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण किल्ल्या त्यांच्याकडे द्यायच्या नाहीत. उलटं लटकलं की खिशातून पडतात. आता लिहून घ्या, सकाळची पाळी..."

चश्मेवाल्याने पेन्सिल कानावरून काढली आणि पट्टी शोधायला लागला.